गाणें बहुजनांचें, मग गायनवर्ग कोणाचा ?

ज्याच्या खाचरांत भात पिकतें त्याच्याच घरची पेज पातळ असते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. विद्येच्या बाबतींतहि शेंकडों वर्षें तसेंच घडत आलें. पण जी एक विद्या बहुजनसमाजानेंच राखली, पेरली व वाढविली, त्या गायनवादनाच्या विद्येलाहि हाच न्याय लागूं झाला आहे, याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आमच्या हायस्कुलांतून मुलांना गायनवादन मिळत नाहीं आणि आमच्या आईबापांना त्याची चुटपुटहि लागत नाहीं. या दोन गोष्टींचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे.

उदाहरण दूरचें कशाला ? रेवस हें अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोंकाचें बंदर. एका अंगास धरमतरची खाडी, खाडीपलीकडे करंजा, आणि समोर मुंबई. भाऊच्या धक्क्याची लाँच येथूनच सुटते. शेजारीं बोडणीसारखीं कोळ्यांचीं गांवें, मागें खारजमिनींत भात काढणारे आगरी, आणि त्यांच्या सोबतीनें सुतार, लोहार, न्हावी, बौद्ध समाजाचीं घरें. या टापूंत गाण्यावांचून एकहि कार्य होत नाहीं. नारळी पौर्णिमेला नारळ दर्यावर जातो तो वाजतगाजत. हळद लागते ती गाण्यावर. शिमग्याला व गौरीला बायका फेर धरतात. प्रत्येक गांवांत भजनी मंडळ आहे, आणि त्या मंडळांत पखवाजाला हात लावण्यासाठीं आठ-दहा वर्षांचीं पोरें टपून बसलेलीं असतात. कोंकणांतला खालूबाजा, म्हणजे सनई, ढोल, टिमकी व झांज यांचा मेळ, आजहि पालखीपुढें चालतो. कोळीवाड्यांनीं पलटणीच्या बँडांतील पितळी वाद्यें उचलून आपलीशीं केलीं, आणि हल्लींच्या पिढीनें त्यांत बेंजोची भर घातली.

आणि धवल्यांचें काय सांगावें ! आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण धवले म्हणते व त्या धवल्यांवर विधि पार पडतो. ती बाई शाळा शिकलेली नसते, पोथी तिच्या हातांत नसते. पण रात्र सरेपर्यंत पुरेल एवढें गाणें तिच्या कंठांत असतें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढून भिक्षुकावांचून लग्न लावण्याचा परिपाठ घालून दिला, तेव्हां सबंध महाराष्ट्रांत गिल्ला झाला. आमच्या या खाडीकांठीं मात्र एक बाईमाणूस आपल्या बोलींतील गाण्यानें लग्नें लावीत होती, आणि त्याचें कोणास आश्चर्यहि वाटत नव्हतें. आज अशा धवलारणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांच्या मागें तें गाणें कोण चालविणार, याचें उत्तर ना घराजवळ आहे ना शाळेजवळ.

अशा घरांतून आलेलें पोर चौदाव्या वर्षीं हायस्कुलाच्या बांकावर बसतें तेव्हां त्याच्या अंगांत ताल आधींच मुरलेला असतो. शहरांतील मुलाला जी गोष्ट फी भरून दोन वर्षांत शिकावी लागते ती हें पोर बापाच्या मांडीवर शिकलेलें असतें. शाळा त्याचें काय करते ? वेळापत्रकांत 'कला' हा शब्द असतो, पण तो तास बहुधा गणिताकडे किंवा इंग्रजीकडे जातो. आमच्या माहितींतील एका हायस्कुलांत पेटी आहे. ती कपाटांत कुलुपबंद असते आणि पाहुणे येणार असले म्हणजे बाहेर निघते. चार गोऱ्यागोमट्या मुली निवडून त्यांजकडून स्वागतगीत बसवून घेतात, पाहुणे टाळ्या वाजवून जातात, आणि पेटी पुन्हां कपाटांत ! ज्या मुलाचे हात बांकावर ताल धरल्यावांचून राहत नाहींत त्याला मात्र छडी मिळते. त्याच्या हातांत जें आहे त्यास विद्या म्हणतात, हें त्याला कोणी सांगतच नाहीं.

सरकारचें म्हणणें काय आहे तें पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला. त्याच्या परिशिष्टांत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं अंशकालीन निदेशक असावा, असें स्पष्ट लिहिलें आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें तर दहावीपर्यंत कलाशिक्षण सर्वांना असावें, असें सांगितलें. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें अभ्यासाचे विषय आणि अभ्यासाबाहेरचे विषय हा भेदच नको म्हटलें. कागद असा सोन्यासारखा आहे. पण कायद्यांतील शंभराचा आंकडा पाहा. शंभर मुलें कोणाच्या शाळेंत भरतात ? तालुक्याच्या गांवीं भरतात, शहरांत भरतात. खाडीकांठच्या लहान गांवांत सहावी ते आठवीचीं मुलें शंभर होतातच असें नाहीं, आणि म्हणून निदेशक मागण्याचा हक्कहि त्या गांवाला पोंचत नाहीं. शिवाय हा कायदा आठवीपाशीं संपतो. नववी-दहावीचीं मुलें त्याच्या कुंपणाबाहेरच राहिलीं. म्हणजे ज्या वयांत गळा व हात घडवावयाचे त्याच वयांत वाट बंद.

दुसरी गोष्ट गुणांची. शास्त्रीय गायन, वादन व नृत्य यांच्या ठराविक परीक्षा उतरलेल्या मुलांना दहावीच्या निकालांत वाढीव गुण देण्याची पद्धत आपल्या राज्यांत आहे. यासाठीं मान्य असलेल्या परीक्षांत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. हें मंडळ १९३१ सालीं स्थापन झालें. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्याच्या पायऱ्या आहेत. या परीक्षांना आमची हरकत नाहीं. शिस्तीनें शिकलेली विद्या केव्हांहि चांगलीच. पण त्या परीक्षांना बसावयाचें तर अगोदर गुरु पाहिजे, क्लास पाहिजे, महिन्याची फी पाहिजे. रेवसच्या मुलीला अलिबाग वीस किलोमीटरांहून अधिक दूर. शाळा सुटल्यावर ती क्लासला केव्हां जाणार आणि परत कोणत्या एस.टी.नें येणार ? ज्याच्या दारांत क्लास आहे त्याला गुण, आणि ज्याच्या घरांत गाणें आहे त्याला भोपळा, असा हा हिशेब आहे. लोककलेसाठींहि त्याच योजनेंत गुण ठेवले आहेत हें खरें, पण तेथेंहि किती प्रयोगांत भाग घेतला याचा दाखला मान्य संस्थेकडून आणावा लागतो. पालखीपुढें रात्रभर टिमकी वाजविणाऱ्या पोराला असा दाखला कोण देणार ? पालखी कांहीं शिक्का मारीत नाहीं.

आतां 'भोपळा' हा शब्द आलाच आहे तर त्याचीहि हकीकत ऐका. मिरजेचे तंबोरे व सतारी साऱ्या हिंदुस्थानांत नांवाजलेल्या. २०२४ सालीं त्यांना भौगोलिक मानांकनहि मिळालें. हीं वाद्यें करणारे कोण ? शिकलगार. यांचे पूर्वज तलवारींना धार लावीत. तलवारीचा धंदा बसला तेव्हां त्याच हातांनीं तंबोरे घडविले. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपुराकडील शेतकऱ्याच्या रानांतून. म्हणजे भोपळा पिकविला कुणब्यानें, वाद्य घडविलें कारागिरानें; आणि तें मांडीवर घेऊन बसण्याची पाळी मात्र त्या दोघांच्या पोरांवर क्वचितच येते !

विद्या राखली कोणी, हाहि इतिहास उघड आहे. उस्ताद अल्लादियाखां यांना १८९५ सालीं कोल्हापुरास आश्रय दिला तो शाहू छत्रपतींनीं. त्यांच्या तालमींत तयार झालेल्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या कलावंत घराण्यांतील बाया; समाजानें ज्यांना पायरीशीं उभें केलें त्यांनींच ही विद्या देवळांत व माडीवर जिवंत ठेविली. दारचा चौघडा गुरवानें वाजविला, हलगी मांगानें, सनई महारानें, पखवाज वारकऱ्यानें. पुढें विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून दरबारांतील गाणें शाळेच्या वर्गांत आणिलें. हें त्यांचें काम मोठेंच होय आणि त्याचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वर्ग निघाले ते शहरांत, आणि शहरांत ते भरले पांढरपेशांच्या मुलांनीं. गाण्याला प्रतिष्ठा आली, पण ती आली तेव्हां गाणें राखणारांचीं पोरें वर्गाबाहेर उभीं होतीं.

त्याआधीं पंधरा वर्षें, १८८६ सालीं, सयाजीराव गायकवाडांनीं बडोद्यास मौलाबक्ष यांच्या हातून गायनशाळा काढिली होती. मौलाबक्षांनीं स्वरलिपि बसविली व मुलांसाठीं पाठ्यपुस्तकें लिहिलीं. ज्या राजानें पुढें सक्तीचें शिक्षण सुरू केलें त्यालाच गायन हें शाळेंत शिकविण्याजोगें वाटलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. राजानें ज्याला शिक्षण म्हटलें त्याला आमचे संस्थाचालक चैन म्हणतात !

"पोटाला भाकर मिळण्याची मारामार, तेथें गाण्याचे चोचले कशाला ? पोरगा इंजिनियर होऊं द्या," असें आमचेच पुष्कळ लोक म्हणतील. कोणी याहून पुढें जाऊन विचारील कीं, जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें कुणब्यांच्या मुलांसाठीं विषयांची यादी दिली, तींत मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, शेती, नीति व आरोग्य आहे. गायन कोठें आहे? प्रश्न रास्त आहे. त्या यादींत गायन नाहीं, कारण त्या काळीं कुणब्याच्या पोराला अक्षरच मिळत नव्हतें. पण याच जोतीरावांना १८६९ सालीं शिवरायांचा इतिहास बहुजनांपुढें मांडावयाचा होता, तेव्हां त्यांनीं पोवाडा रचला. पुढें सत्यशोधकांनीं गांवोगांव जलसे नेले ते तमाशाचाच साज घेऊन. तीच ढोलकी, तेंच तुणतुणें, तोच डफ. सावकाराचा खोटा हिशेब व भिक्षुकाची लबाडी ज्या शेतकऱ्याला वाचतां येत नव्हती ती त्याला जलशांत ऐकूं आली. आंबेडकरी जलशांनीं तेंच काम वस्तीवस्तींतून केलें. ज्या चळवळीचा निरोप गाण्याच्या खांद्यावर बसून गांवांत आला त्या चळवळीच्या लोकांनीं गाण्याला चोचला म्हणूं नये.

पोटाचाच प्रश्न असेल तर गोव्याकडे पाहा. पोर्तुगीज अमदानींत तेथें चर्चच्या गांवशाळा होत्या. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, यांत शंका नाहीं. परंतु त्या शाळांत गरिबाच्या पोरालाहि अक्षराबरोबर स्वर वाचावयास व व्हायोलिन धरावयास शिकवीत. परिणाम असा झाला कीं, मुंबईंत बोलपट निघाले तेव्हां त्यांचे वाद्यवृंद भरले ते बव्हंशीं गोव्याच्या खेड्यांतील वादकांनीं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतील प्यारेलाल त्यांच्यापाशीं व्हायोलिन शिकले. गोव्याच्या पोरांच्या अंगांत निराळें रक्त होतें काय ? नव्हतें. त्यांच्या गांवांत शाळा होती व शाळेंत स्वर होता, एवढाच फरक. व्हेनेझुएला देशांत १९७५ सालीं होसे आंतोनिओ आब्रेउ यांनीं अकरा मुलांना गोळा करून एका गाडीखान्यांत वाद्यवृंदाची तालीम सुरू केली. वाद्य फुकट, शिकवणी फुकट, आणि पहिल्या दिवसापासून एकत्र वाजवावयाचें. आज त्या देशांतील लाखों गरीब मुलें त्या वाटेनें गेलेलीं आहेत.

आणि एकत्र वाजविण्यांतच खरा मुद्दा आहे. वीस मुलांचा मेळ बसला म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचें ऐकावें लागतें. एकानें घाई केली कीं सर्वांचा ताल जातो. मोठ्या घरचा म्हणून त्याच्यासाठीं सम थांबत नाहीं. जातीची उतरंड मोडावयास व्याख्यानें पुष्कळ झालीं, पण हें मोडण्याचें दुसरें साधन आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

येथें आम्हांस आपल्या लोकांच्या पदरींहि चार शब्द घालणें प्राप्त आहे. सनई कानाला गोड लागते, पण वाजंत्री ओटीवर चढलेला चालत नाहीं, हें आमच्यांत अजून आहे. भजनांत ज्याच्या पखवाजाला मान डोलावतां त्याच्या हातचें पाणी घेतांना आढेवेढे घेतां. आमची मुलगी ढोलकी वाजविते म्हटलें तर सोयरीक मोडते. भिक्षुकशाहीनें आम्हांस खालीं दाबलें म्हणून आम्ही ओरडतों, आणि आमच्याखालीं दाबावयास कोणी सांपडला तर सोडीत नाहीं ! शिवाय हळदीच्या रात्रीं डी.जे.च्या भिंती उभ्या करून जो पैसा धुरळा होतो त्याचा हिशेब कोणी केला आहे काय ? एका हळदीच्या खर्चांत शाळेला पेटी, तबल्याची जोडी, ढोलकी, टाळ व डझनभर लेझमी येऊन वर पैसे उरतील. आणि त्या आवाजांत आपल्याच गांवचा सनईवाला दाराबाहेर बसून राहतो, तो निराळाच.

दोष सांगून थांबणें हें काम नव्हे, म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट मांडतों.

पहिली मागणी अशी कीं, शंभर मुलांची अट लहान गांवांच्या आड येऊं देऊं नये. शेजारच्या तीन शाळांना मिळून एक संगीतशिक्षक द्यावा. आठवड्याचे सहा दिवस, प्रत्येक शाळेला दोन. आणि त्यानें आठवीपाशीं न थांबतां नववी-दहावीलाहि शिकवावें.

दुसरी, त्या शिक्षकाच्या जोडीला गांवचे जाणकार मानधनावर बोलवावे. सनईवाला, भजनीबुवा, बँडमास्तर, धवलारीण यांजकडे विशारदाचें प्रमाणपत्र मागूं नये. त्यांची परीक्षा गांवानें आयुष्यभर घेतलेली आहे. पावसाळ्यांत होड्या नांगरून पडतात व पुष्कळ जुनीं माणसें घरीं असतात. नेमका तोच शाळेच्या आरंभाचा काळ. मुलींनीं धवलारणीपाशीं बसून धवले वहींत उतरून घ्यावे, चाल तोंडीं बसवावी. मराठीच्या व संगीताच्या अशा दोन्ही तासांचें काम होईल.

तिसरी, वर्ग शाळेच्या वेळांतच भरावा. शाळा सुटल्यावर ठेवला तर ज्यांना मासळी वाळत घालावयाची, भावंडें सांभाळावयाचीं किंवा शेवटची गाडी गांठावयाची, तीं मुलें आपोआप गळतील. आणि तींच तर आमचीं.

चौथी, वाद्यें शाळेचीं असावीं व त्यांची किल्ली वर्गाजवळ असावी. आईबापांना विकत घ्यावयास लावूं नये.

पांचवी, मेळांत वाद्य जातीवरून किंवा मुलगा-मुलगी पाहून देऊं नये. पाटलाच्या पोरानें हलगी वाजवावी, बौद्धवाड्यांतील मुलीनें पुढें बसून गावें, कोळ्याच्या मुलीनें ढोलकी धरावी. आणि गाण्यांत कोणीहि वगळला जाऊं नये. चौदा-पंधराव्या वर्षीं मुलांचा आवाज फुटतो. त्या काळांत त्यास उंच पट्टींत ओरडावयास लावलें तर गळा बिघडतो, आणि "तुला गातां येत नाहीं" म्हणून हांकलून दिलें तर मन बिघडतें. जाणता शिक्षक अशा मुलाला वर्षभर पखवाजावर बसवितो किंवा खालच्या पट्टींत गावयास लावतो, आणि गळा स्थिर झाला कीं परत ओळींत घेतो. म्हणूनच शिक्षक जाणता हवा. रिकाम्या तासाला कोणीहि उभा करून भागणार नाहीं.

सहावी, लोककलेचा दाखला देण्याचा अधिकार शाळेच्या मुख्याध्यापकाला व ग्रामसभेला मिळून असावा. ज्या गांवानें पोराचें वाजविणें ऐकलें त्याच गांवाची साक्ष खरी मानावी.

यांतील कांहीं मागण्या सरकारच्या हातच्या आहेत; परंतु पेटीचें कुलूप काढणें, तास गणितापासून सोडविणें, व सनईवाल्याला मानानें वर्गांत खुर्चीवर बसविणें, हें शाळा व्यवस्थापन समितीच्या हातचें आहे, आणि त्या समितींत तुम्ही आईबापच बसतां. तेव्हां पुढच्या बैठकीला नुसती सही करून उठूं नका. कलेचा तास आठवड्यांतून किती वेळां झाला, कोणी घेतला, पेटी शेवटची केव्हां वाजली, हे तीन प्रश्न विचारा व उत्तरें इतिवृत्तांत लिहून घ्या. ग्रामसभेंतहि ठराव मांडा.

करंजा व रेवस यांना जोडणाऱ्या पुलाचें काम चालू आहे. पूल झाला म्हणजे मुंबई दाराशीं येईल, जमिनींचे भाव चढतील, बंगले उठतील, आणि त्या बंगल्यांतून पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं कोळीगीतांची मागणी होईल. तेव्हां आपलीं पोरें तेथें टोप्या घालून भाड्यानें नाचणार, कीं आपल्या विद्येचीं धनी म्हणून ताठ मानेनें बसणार, हें पूल ठरविणार नाहीं. तें आज आपल्या हायस्कुलाच्या वेळापत्रकांत ठरत आहे. तें वेळापत्रक एकदां जाऊन वाचा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.